जामीन मंजूर, सुटका नाही: एका ऊसतोड मजुराचे ६२ दिवस

विधी महाविद्यालयाच्या विधी सहाय्य केंद्राची जबाबदारी माझ्याकडे आहे. पुढील प्रकरणात आमच्या केंद्राचा सहभाग उशिरा आला आणि तो उशीर हाही या अभ्यासाचा भाग आहे. संबंधितांची नावे, गाव, न्यायालय आणि कारागृह यांचा उल्लेख टाळला आहे. ओळख पटू नये म्हणून काही किरकोळ तपशील बदलले आहेत, मात्र घटनांचा क्रम आणि निर्णयांची कारणे जशी होती तशीच ठेवली आहेत.

पार्श्वभूमी

डिसेंबरच्या मध्यावर पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्यात विहिरीवरच्या कृषिपंपाची तांब्याची केबल चोरीला गेली. फिर्यादी शेतकऱ्याने तिची किंमत सुमारे ९,००० रुपये सांगितली. दोन दिवसांनी शेजारच्या फडात ऊस तोडणाऱ्या टोळीच्या कोप्यांमागे (तात्पुरत्या झोपड्यांमागे) सोललेल्या तारेचा एक गुंडा सापडला आणि त्या टोळीतील २६ वर्षांच्या एका मजुराला अटक झाली. तो बीड जिल्ह्यातला होता. बायको आणि चार वर्षांच्या मुलीसह तो सलग तिसऱ्या हंगामाला या भागात आला होता आणि त्याच्यावर यापूर्वी एकही गुन्हा नोंदलेला नव्हता.

गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली नोंदला गेला. साध्या चोरीची ही पहिली वेळ असेल तर जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षांची आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप होऊ नये, पोलिसांनी अटकेची गरज लेखी कारणांनी दाखवावी आणि तशी गरज नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने अर्णेशकुमार प्रकरणात २०१४ साली स्पष्ट केले होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्येही तीच चौकट आहे. या प्रकरणात पोलिसांनी लेखी कारण दिले होते: ‘आरोपीस स्थानिक कायमस्वरूपी पत्ता नाही, पळून जाण्याची शक्यता.’ त्याच्या आधार कार्डावर गावचा पूर्ण पत्ता होता. टोळी कोणत्या कारखान्यासाठी तोड करते, मुकादम कोण, ट्रॅक्टरमालक कोण, हेही पोलिसांना ठाऊक होते. तरीही पत्ता ‘इथला’ नाही, एवढे कारण अटकेला पुरले. पुढे जामिनाच्या टप्प्यावर हेच कारण पुन्हा आडवे आले.

पहिल्या हजेरीच्या वेळी त्याला लोकअभिरक्षक कार्यालयातील, म्हणजे मोफत विधी सेवेच्या यंत्रणेतील, वकील देण्यात आले. कोठडीतील व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्या वकिलांनी दोन दिवसांची पोलीस कोठडी संपताच जामीन अर्ज दाखल केला आणि अटकेपासून चौदाव्या दिवशी तो मंजूर करून घेतला. त्यांच्या हाताखाली त्या महिन्यात किती कामे होती हे मी पाहिले आहे. त्यामुळे हे काम वेळेत झाले, हे मी आधी नोंदवतो.

अडचण

आदेश इंग्रजीत होता आणि त्याचा शेवटचा परिच्छेद नेहमीच्या साच्यातला होता. २५,००० रुपयांचा जातमुचलका (आरोपीचे स्वतःचे बंधपत्र) आणि तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक सक्षम जामीनदार द्यावा, असे त्यात म्हटले होते. व्यवहारात याचा अर्थ असा, की त्या तालुक्यात किंवा जिल्ह्यात सातबारा, मिळकत पत्रक किंवा कायम नोकरीचे पगारपत्रक असलेल्या माणसाने रेशनकार्ड आणि ओळखपत्र घेऊन न्यायालयात यायचे, प्रतिज्ञापत्र करायचे आणि या मजुराची हमी घ्यायची. परक्या तालुक्यात वर्षातले पाच महिने उसाच्या फडात काढणाऱ्या माणसासाठी असा जामीनदार कोण होणार, हा प्रश्न सुनावणीत कोणीच उपस्थित केला नव्हता. मी नंतर जामीन अर्ज वाचला. आरोपी निर्दोष आहे, तपास जवळपास पूर्ण झाला आहे, तो पुराव्यात ढवळाढवळ करणार नाही, असे नेहमीचे मुद्दे त्यात होते. त्याची कमाई, कर्ज, कुटुंब, येथील ओळखी याविषयी एक ओळही नव्हती. म्हणजे त्याच्या ऐपतीचा विचार करण्यासाठी न्यायाधीशांसमोर काही साहित्यच नव्हते.

आमच्या विद्यार्थिनी कारागृहातील विधी सहाय्य भेटीसाठी गेल्या तो आदेशानंतरचा बाविसावा दिवस होता. भेटीच्या खोलीत त्याने खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेली आदेशाची प्रत काढली. ती त्याने सांभाळून ठेवली होती, कारण तीच सुटकेची चिठ्ठी आहे अशी त्याची समजूत होती. रोज सकाळी सुटणाऱ्यांची नावे पुकारली जात तेव्हा तो पुढे जाऊन उभा राहत असे. तो विद्यार्थिनींना म्हणाला, “मॅडम, जामीन झालाय म्हंत्यात, मग दार का उघडंना?” जामीनदार म्हणजे काय आणि तो कोणी आणायचा, हे त्याला बावीस दिवसांत कोणी समजावून सांगितलेले नव्हते.

तिकडे फडात त्याची बायको एकटी पडली होती. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल, म्हणजे मजुरीपोटीची आगाऊ रक्कम, त्या जोडीच्या नावावर दिली जाते आणि तोडही जोडीच्या हिशेबाने मोजली जाते. नवरा आत गेल्यावर ती अर्धा कोयता झाली. उचल मात्र पूर्णच राहिली. मुलीला कोपीत सोडून ती दुसऱ्या एका जोडीबरोबर मोळ्या बांधायला जात होती आणि वकिलांना भेटायला तालुक्याला गेली तर त्या दिवसाचा खाडा लागत होता.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय गावाकडून जामीनदार आणण्याचा होता. मेव्हण्याच्या नावावर दीड एकर कोरडवाहू जमीन होती. तहसीलदारांकडून ऐपतीचा दाखला मिळवून तो येऊ शकला असता. पण सातबाऱ्यावर सोसायटीच्या कर्जाचा बोजा होता आणि आदेशात ‘स्थानिक’ हा शब्द होता. दुसऱ्या जिल्ह्यातील मालमत्तेचा जामीनदार नाकारणे चुकीचे आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने मोतीराम प्रकरणात १९७८ सालीच सांगितले आहे. ते प्रकरण मध्य प्रदेशातील एका गवंड्याचे होते. दंडाधिकाऱ्यांनी त्याच्याकडे १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला होता आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याचा जामीन नाकारला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या गवंड्याला १,००० रुपयांच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडले. हा निकाल विधी अभ्यासक्रमात पहिल्या-दुसऱ्या वर्षीच शिकवला जातो. मी स्वतः तो अनेक वर्षे शिकवतो आहे.

दुसरा पर्याय कोर्टाच्या आवारातच हजर होता. पैसे घेऊन जामीन राहणारी माणसे तेथे असतात. कागदपत्रे तयार असतात आणि पाच हजारांत काम होईल असा निरोप बायकोपर्यंत पोहोचलाही होता. हा मार्ग आम्ही ताबडतोब नाकारला. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने, जो आता वकिली करतो, स्वतः जामीन राहण्याची तयारी दाखवली. त्याच्या मनातली तळमळ खरी होती, पण वकिलाने आपल्या पक्षकारासाठी जामीनदार होऊ नये असा बार कौन्सिलचा नियम आहे. वकील हा न्यायालयाचा अधिकारी असतो आणि पक्षकाराच्या हजेरीत त्याचा आर्थिक हितसंबंध गुंतता कामा नये. हे समजावून त्यालाही थांबवले.

तिसरा पर्याय सर्वांत सोपा दिसत होता आणि मला सर्वांत जास्त घोर त्याचाच होता. ट्रॅक्टरमालक स्थानिक होता, त्याच्याकडे बागायती जमीन होती आणि तो जामीनदार व्हायला तयार होता. त्याची अट अशी की, या जोखमीपोटी ४०,००० रुपये उचलीत वाढवून लिहायचे आणि पुढच्या दोन हंगामांत दुसऱ्या कोणाच्या टोळीत जायचे नाही. म्हणजे नवरा कारागृहातून सुटून कर्जाच्या दावणीला बांधला गेला असता. उचलीच्या बदल्यात माणसाचे काम सोडण्याचे, हवे तेथे मजुरी करण्याचे स्वातंत्र्य काढून घेणे म्हणजे वेठबिगारी होय आणि ती १९७६ च्या कायद्याने बंद झाली आहे. पण त्याच्या बायकोच्या जागी उभे राहून पाहिले तर नवरा उद्या बाहेर येत होता. कायद्याने हा करार अवैध ठरेल, एवढे सांगून आमची जबाबदारी संपत नव्हती. आमच्या दोन विद्यार्थिनी कोपीवर गेल्या, त्या कागदावर काय लिहिले आहे ते त्यांनी तिला वाचून दाखवले आणि दुसऱ्या मार्गाला वेळ लागेल, किती ते सांगता येत नाही, हेही सांगितले. तिने दोन दिवस घेतले आणि नाही म्हणाली. मागच्या हंगामाचीच फेड बाकी होती.

चौथा पर्याय त्या मजुराने स्वतःच मांडला: गुन्हा कबूल करणे. बराकीतल्या जुन्या बंद्यांनी त्याला सांगितले होते की, कबूल केले की न्यायाधीश भोगलेला काळ हीच शिक्षा धरतात आणि त्याच संध्याकाळी सोडतात. हे ज्ञान पूर्णपणे चुकीचे नाही. किरकोळ गुन्ह्यांत असे घडते. तो विद्यार्थिनींना शांतपणे म्हणाला की, तार आपण चोरलेली नाही, पण कबूल करून सुटत असेल तर कबूल करू. जो माणूस आपण निर्दोष आहोत असे सांगतो, त्याला केवळ सुटकेसाठी कबुलीजबाब देऊ द्यायचा का? निर्णय आरोपीचा असतो आणि वकिलाने तो त्याच्यावर लादू नये, हे खरे आहे. पण तो निर्णय समजून-उमजून घेतलेला असला पाहिजे, हेही तितकेच खरे. एकदा चोरीची शिक्षा नोंदली गेली की पुढच्या हंगामात कोणत्याही फडाजवळ काही हरवले तरी पोलीस प्रथम त्याच्याकडे येतील. पहिल्यांदाच आरोपी झालेल्या कच्च्या (खटला प्रलंबित असलेल्या) कैद्याला कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळानंतर सुटकेची जी सवलत नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ देते, तिचा लाभ पूर्वी दोषी ठरलेल्या माणसाला मिळत नाही. हे सर्व त्याला सांगितले आणि आणखी दहा दिवस थांबण्याची विनंती केली. त्याने ती मानली. आम्ही दहा दिवस मागितले होते; प्रत्यक्षात चाळीस लागले.

पाचवा पर्याय गरीब बंद्यांसाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये सुरू केलेल्या अर्थसाहाय्य योजनेचा होता. तिच्यात जिल्हास्तरीय समितीच्या मान्यतेने कच्च्या कैद्याला जामिनासाठी त्या वेळी ४०,००० रुपयांपर्यंत मदत मिळू शकत होती. पण ती मदत रकमेच्या रूपाने असते आणि आदेशात मागितला होता माणूस. आधी न्यायालयाकडून रोख जामिनाची मुभा घ्यावी लागली असती आणि मग समितीच्या बैठकीची वाट पाहावी लागली असती. त्यामुळे हा मार्ग राखून ठेवला.

उरला सहावा पर्याय, अट बदलून घेण्याचा.

निर्णय आणि कार्यवाही

अट शिथिल करण्याचा अर्ज कोणत्या न्यायालयात करायचा, यावर लोकअभिरक्षक आणि आमच्यात मतभेद होता. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८४ नुसार बंधपत्राची रक्कम परिस्थितीचा योग्य विचार करून ठरवावी लागते, ती अवाजवी असता कामा नये आणि दंडाधिकाऱ्यांनी ठरवलेली रक्कम कमी करण्याचा निर्देश सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय देऊ शकते. त्यामुळे सरळ सत्र न्यायालयात जावे, असे लोकअभिरक्षकांचे मत होते. माझा कल दंडाधिकाऱ्यांकडे जाण्याचा होता आणि त्याला आधार होता सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी जामीन धोरणाविषयीच्या स्वयंप्रेरित प्रकरणात दिलेल्या निर्देशांचा. या प्रकरणात ते निर्देश एक-एक करून तपासण्याजोगे आहेत. जामीन आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने कारागृहामार्फत बंद्याला मिळावी. ती मिळाली होती. सात दिवसांत सुटका न झाल्यास अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे. कळवले होते, पण अनेक नावांच्या एका यादीतून आणि ती यादी पुढच्या कारवाईविना पडून होती. बंद्याच्या सामाजिक-आर्थिक स्थितीचा अहवाल विधी स्वयंसेवक किंवा परिवीक्षा अधिकाऱ्यांच्या मदतीने करून घेऊन अट शिथिल करण्यासाठी न्यायालयासमोर ठेवता येईल; तो झाला नव्हता. एका महिन्यात जामीन न भरला गेल्यास संबंधित न्यायालय स्वतःहून अटींचा फेरविचार करू शकते. तेही घडले नव्हते. आणि स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका लांबण्याचे एक कारण आहे, न्यायालयांनी तशी अट घालू नये, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे.

‘संबंधित न्यायालय’ या शब्दांवर भिस्त ठेवून दंडाधिकाऱ्यांकडेच जायचे ठरले. सत्र न्यायालयाचा मार्ग नंतरही खुला राहत होता.

अहवाल तयार करण्यास अकरा दिवस लागले. हुसैनआरा खातून प्रकरणात १९७९ साली न्यायमूर्ती भगवती यांनी आरोपीची समाजात मुळे रुजलेली आहेत का, हे पाहण्यासाठी वास्तव्याचा काळ, रोजगार, कौटुंबिक नाती, पूर्वीचे गुन्हे असे जे निकष सांगितले, तेच आम्ही अहवालाचे रकाने केले. गावच्या सरपंचांचा रहिवास दाखला व्हॉट्सॲपवर आला आणि मूळ प्रत टोळीतल्या एका मजुराच्या भावाबरोबर एसटीने आली. कारखान्याच्या शेतकी विभागातून तीन हंगामांच्या तोडणीच्या नोंदी मिळाल्या. ही नोंद मला सर्वांत मोलाची वाटते, कारण तीन वर्षे हा माणूस तोडणीच्या हंगामात कोठे होता, याची तारीखवार साक्ष त्यात होती. ‘पत्ता नाही’ या शेऱ्याला त्याहून चांगले उत्तर नव्हते. मुलीच्या अंगणवाडीची नोंद आणि उचलीचा हिशेब जोडला.

आदेशानंतरच्या पस्तिसाव्या दिवशी अर्ज दाखल झाला. विद्यार्थ्यांना न्यायालयात बाजू मांडता येत नाही, म्हणून युक्तिवाद लोकअभिरक्षकांनी केला. सरकारी वकिलांच्या ‘से’साठी (लेखी म्हणण्यासाठी) अर्ज दोनदा पुढे गेला. दरम्यान अटकेपासून ६० दिवस पूर्ण होण्याआधीच दोषारोपपत्र दाखल झाल्याने मुदतीच्या जामिनाचा (वेळेत दोषारोपपत्र न आल्यास मिळणाऱ्या जामिनाचा) प्रश्न मिटला. जामीन आदेशानंतरच्या साठाव्या दिवशी न्यायालयाने अट बदलली. जामीनदाराची अट रद्द झाली, ५,००० रुपयांचा जातमुचलका पुरेसा ठरला आणि मोबाइल क्रमांक व गावचा पत्ता नोंदवून प्रत्येक तारखेला हजर राहण्याचे बंधन घातले गेले. बासष्टाव्या दिवशी, म्हणजे अटकेपासून ७६ दिवसांनी, तो बाहेर आला.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत मोठी संधी पहिल्या जामीन अर्जातच होती. त्यात आर्थिक स्थितीचा एक परिच्छेद आणि ‘जामीनदाराऐवजी जातमुचलक्यावर सोडावे, पर्यायाने रोख जामिनाची मुभा द्यावी’ अशी विनंती असती, तर पुढचे दोन महिने बहुधा वाचले असते. लोकअभिरक्षकांना दोष देऊन हे सुटणारे नाही. त्यांच्या मासिक अहवालात ‘जामीन मंजूर’ असा रकाना आहे आणि तेथे नोंद झाली की काम निकाली निघते. प्रत्यक्ष सुटकेच्या तारखेचा रकाना त्यात नव्हता. जे मोजले जात नाही त्याचा पाठपुरावा कोण करणार?

दुसरी संधी वारंवार आली होती. जामीन मंजूर होऊनही तो कोठडीत असल्याने त्याची न्यायालयीन कोठडी दर चौदा दिवसांनी वाढवली जात होती. त्या ६२ दिवसांत चार वेळा तो व्हिडिओ कॉन्फरन्सिंगच्या पडद्यावर न्यायालयासमोर आला. प्रत्येक वेळी नाव पुकारले गेले, तारीख दिली गेली आणि पुढचा बंदी आला. जामीन झालेला माणूस अजून पडद्यावर कसा, असे कोणी विचारले नाही. त्या दिवशी रिमांडच्या कामावर असलेले वकील वेगळे होते आणि त्यांच्यासमोर जामिनाची फाइल नव्हती. सर्वोच्च न्यायालयाच्या एका महिन्याच्या निर्देशाची अंमलबजावणी करण्यासाठी वेगळी यंत्रणा उभारावी लागेल असे मला वाटत नाही. रिमांडच्या यादीत त्या बंद्याच्या नावापुढे ‘जामीन मंजूर, दिनांक अमुक’ एवढा शेरा असता तरी पुरले असते.

आमच्या केंद्राची चूकही लिहायला हवी. कारागृहभेट महिन्यातून एकदाच होत होती आणि परीक्षांमुळे डिसेंबरची भेट मी रद्द केली होती. ती झाली असती तर आम्ही त्याला आदेशाच्या पहिल्या आठवड्यातच भेटलो असतो. शिवाय अहवालासाठी अकरा दिवस घालवण्याऐवजी उपलब्ध तोडणी नोंदींवर अर्ज तिसऱ्याच दिवशी दाखल करून बाकीचे कागद नंतर जोडता आले असते. परिपूर्ण अहवाल करण्याच्या नादात आम्ही त्याच्या दिवसांचा हिशेब विसरलो.

अर्ज कोणत्या न्यायालयात करायचा, हा निर्णय बरोबर होता की नाही, याविषयी माझे मत अजून पक्के झालेले नाही. सत्र न्यायालयाचा अधिकार कायद्यात शब्दशः आहे आणि तेथे कदाचित लवकर निकाल लागला असता. दुसरीकडे, त्याच दंडाधिकाऱ्यांनी स्वतःचा आदेश बदलल्यामुळे त्यांच्या पुढच्या काही जामीन आदेशांतून ‘स्थानिक’ हा शब्द गेला, असे लोकअभिरक्षक सांगतात.

सद्यःस्थिती

तो सुटला तेव्हा हंगाम संपत आला होता. तोडणी कमी झाल्याने उचल फिटली नाही आणि बाकी पुढच्या हंगामावर गेली. ट्रॅक्टरमालकाने त्याला टोळीतून काढले नाही. खटला प्रलंबित आहे. आतापर्यंतच्या तारखांपैकी एक चुकली, कारण आदल्या रात्रीची एसटी रद्द झाली. सकाळी त्याने विद्यार्थिनीला फोन केला आणि लोकअभिरक्षकांनी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५५ खाली गैरहजेरी माफीचा अर्ज दिल्याने वॉरंट निघाले नाही. आता प्रत्येक तारखेच्या तीन दिवस आधी केंद्रातून त्याला फोन जातो.

लोकअभिरक्षक कार्यालयाने आपल्या नोंदवहीत पेनने एक जादा रकाना आखला आहे: ‘सुटका दिनांक’. आमची कारागृहभेट दर पंधरवड्याला होते आणि परीक्षेच्या काळात प्राध्यापक जातात. साक्षीपुराव्याची पहिली तारीख नोव्हेंबरमध्ये, ऐन तोडणी सुरू होताना लागली आहे. त्या दिवसाचा खाडा त्याच्या नावावर पडू नये म्हणून तारखेचे पत्र मुकादमाला आधीच पाठवले आहे.